पाखरांची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "धुणे वाळत घालताना तुम्ही वर काय बघत उभ्या राहता, ते एकदा सांगूनच टाका." म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. तिथले पक्षी अभयारण्य 1986 सालचे. 2020 साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. लांबलांबची माणसे दुर्बिणी घेऊन येतात आणि आपण मात्र घरात कांदा निवडत बसतो! तरी माझे सांगणे असे, की नवख्या बाईने आधी तिकडे जाऊ नये. हजार बदके दूर पाण्यात दिसतात, एकही ओळखू येत नाही, आणि हिरमोड होतो. सुरुवात आपल्या परसातून करावी.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. मुलांची अर्धी कोरी वही घ्यावी. पाखरू दिसले की आकार आधी पाहावा: चिमणीएवढे, साळुंकीएवढे की कावळ्याएवढे? मग चोच, मग शेपटी. रंग शेवटी, कारण उन्हात रंग फसवतो. तारेवर बसून उडती माशी टिपणारा हिरवा तो वेडा राघू. गुरांमागे फिरणारा, दुभंगल्या शेपटीचा काळा तो कोतवाल. थंडीत अंगणात शेपटी खालीवर करीत चालतो तो धोबी. तो पाहुणा, उन्हाळ्यात परत जातो.

सुगरणीचे मात्र जरा सविस्तर सांगते. नाव बाईचे, पण खोपा विणतो नर! पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीखाली उभे राहून पाहा. गवताच्या, उसाच्या पातीच्या हिरव्या चिरफाळ्या आणून तो अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत जाऊन पारखते. पसंत पडला तरच तो पुरा करायचा. हे मी घरी सांगितले तेव्हा आमचे हे बराच वेळ काही बोलले नाहीत. कोकिळेचेही तसेच. कुहूकुहू गातो तो काळा नर. मादी ठिपक्याठिपक्यांची तपकिरी, आणि अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात.

आमच्या सासूबाईंना आता दिसत नाही. पहिल्याने त्या रागावल्या. "बाईमाणसाने आभाळाकडे बघत उभे राहावे का गं?" मी वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांच्या बाजेशी बसून वही वाचून दाखवू लागले. हळूहळू त्याच सांगू लागल्या. एकदा म्हणाल्या, "टिटवी ओरडतेय बघ, तिच्या अंड्यांपाशी कोणी आलंय." जाऊन पाहिले तर मुंगूस! टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. त्यांचे कान माझ्या डोळ्यांपेक्षा तयार आहेत. अंगाने थकल्या आहेत; त्या आहेत तोवर जेवढे आवाज उतरवून घेता येतील तेवढे मी घेते आहे.

त्या गिधाडांची आठवण काढतात. मी लहान असताना माहेरीही मेल्या ढोराभोवती गिधाडे बसत. गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती मेली. मेलेल्या जनावरात ते औषध राहिले की खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर फार थोडी उरली होती. तेव्हा जनावर लंगडले तर माणसाचे दुखण्याचे इंजेक्शन देऊ नका, गुरांच्या डॉक्टरांना विचारा.

5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांचे हे जन्मदिवस. त्या आठवड्यात रविवारी सकाळी साडेसहाला, स्वयंपाकाचे बघून, देवळाच्या पारावर जमावे. साडी मळकट रंगाची असू द्या, बांगड्या कमी वाजतील असे पाहा, आणि लहान मुलांच्या गलोली घरीच काढून घ्या. चहा मी आणीन.