केळीच्या बागेतील निरोपे



आजचा विषय वनस्पतींच्या संप्रेरकांचा आहे. नाव जड आहे, पण वस्तू आपल्या रावेरच्या शिवारातलीच आहे. ज्यांच्या घरात केळीची शेती, कटाई, भराई किंवा वखारीचे काम चालते, त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक असेल.

मे महिन्याच्या दुपारी बागेत जाऊन पाहा. पारा ४५ अंशांच्या आसपास, वर गरम वारा. माणूस सावलीला जातो, बकरी भिंतीच्या आडोशाला उभी राहते. केळीला मात्र पाय नाहीत. ती पानाचे दोन्ही पाखे खाली मिटून घेते. हे आपल्याला दिसते. आतले दिसत नाही. पानाच्या पाठीवर असंख्य बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. पाणी कमी पडू लागले की झाडात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. संप्रेरक म्हणजे निरोप्याच; प्रमाण अगदी अल्प, काम मोठे. हा निरोप रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींना पोचला की त्यांतून पोटॅशियम बाहेर पडते, मागोमाग पाणी जाते, पेशी सैल होतात आणि दार बंद होते.

झाड वाचते, पण फुकट नाही. ज्या दाराने वाफ बाहेर जाते, त्याच दाराने कार्बन डायऑक्साइड आत येतो. तो थांबला की साखर तयार होणे मंदावते आणि घड भरत नाही. वाफेने मिळणारा गारवाही जातो, पान आणखी तापते. म्हणून बाग हिरवी दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. एकदा भरपूर पाणी देऊन पुढे बाग आठवडाभर कोरडी ठेवली, तर दार पुन्हा पुन्हा बंद होत राहते. ठिबकने थोडे थोडे, नियमित पाणी आणि कडेला शेवरीची वाऱ्याची आड, यांचा उपयोग इथे कळतो. विहिरी खोल गेलेल्या आपल्या भागात तर तो अधिकच कळायला हवा.

आता बाग लावण्याकडे वळू. पूर्वी कंद लावत. आज पुष्कळ ठिकाणी ऊतिसंवर्धनाची ग्रँड नैन रोपे लावतात. बरणीतल्या इवल्याशा तुकड्यातून कोंब फुटावेत की मुळे, हे ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर ठरते. स्कूग आणि मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५७ साली तंबाखूच्या ऊतींवर हे दाखवले. सायटोकायनिन जास्त तर कोंब, ऑक्झिन जास्त तर मुळे. तंबाखूवरचे हे तत्त्व पुढे केळीच्या कामी आले.

मला खरे बोलायचे आहे ते इथिलीनबद्दल. हा वायू आहे, आणि झाड तो स्वतः तयार करते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यावर गॅसचे दिवे होते. गॅस गळे तिथल्या झाडांची पाने अवेळी झडत. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबॉव्ह यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून त्या गॅसमधला दोषी घटक इथिलीन असल्याचे दाखवले. पुढे १९३४ मध्ये गेन यांनी पिकणारी फळे स्वतःच इथिलीन सोडतात हे सिद्ध केले. आपल्याकडे वखारीत धूर कोंडून केळी पिकवत, त्या धुरातही इथिलीन असते. वखारवाल्याला नाव माहीत नव्हते, काम माहीत होते.

हिरव्या केळीच्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. इथिलीनचा निरोप मिळाला की त्याची साखर होते, सालीचे हरितद्रव्य जाते, गर मऊ होतो. एकदा सुरुवात झाली की फळ स्वतःच आणखी इथिलीन सोडते, आणि शेजारची फणीही पिकू लागते.

यात पालकांनी लक्ष घालावे अशी एक गोष्ट आहे. काही लोक घाईने पिकवण्यासाठी कार्बाइड वापरतात. ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनसारखे काम करतो, पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. फळ पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. पहिला त्रास गिऱ्हाइकाला नव्हे, पुड्या हाताळणाऱ्या मजुराला होतो. आणि तो मजूर पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरण्यास परवानगी आहे. इथेफॉनच्या द्रावणात फळे बुडवणे मात्र चालत नाही. थंड खोलीत, १६ ते १८ अंशांवर, इथिलीन देऊन केळी नीट पिकतात. खर्च जास्त येतो हे खरे. पण मुलाच्या हातात केळे देणारी आई तो हिशेब वेगळा मांडील.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. एकाच फणीची चार हिरवी केळी घ्या. दोन कागदी पिशव्यांत दोन-दोन ठेवा. एकीत एक पिकलेले केळेही घाला. पिशव्यांची तोंडे दुमडून सावलीत ठेवा. अम्मीला सांगून ठेवा, नाहीतर प्रयोग संध्याकाळीच संपेल. कोणती पिशवी कोणत्या दिवशी पिवळी झाली ते वहीत लिहा, आणि शाळा सुरू झाल्यावर ती वही मला आणून दाखवा.