दोन कॅमेऱ्यांचे ओझे
(नभोवाणीवरील भाषण)



बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमामात ज्यांनी छायाचित्र घेण्याचा यत्न केला असेल, त्यांना मानेचे दुःख सांगावयास नको. तेथील चित्रकाम छतावर आहे, उजेड अंधुक आहे, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावावयाचा तर परवानगी काढावी लागते. म्हणजे कॅमेरा हातातच पेलणे आले.

माझ्याजवळ कॅनन कंपनीचे दोन डिजिटल कॅमेरे होते. २०१६ साली निघालेला फाइव्ह-डी मार्क फोर हा आरशाचा, आणि २०२० सालचा आर-सिक्स हा बिनआरशाचा. उजवे मनगट कुरकुरू लागल्यामुळे दोहोंपैकी एक विकावा असे ठरविले. कोणता, ते ठरेना. म्हणून एक दिवस दोन्ही गळ्यात घालून गावभर हिंडलो.

बॅटरी व कार्ड घालून पहिल्याचे वजन ८९० ग्रॅम, दुसऱ्याचे ६८०. जवळजवळ पावशेरभर ओझे उतरणार, असे कोणासही वाटेल. परंतु नुसत्या बॉडीने छायाचित्र निघत नाही. माझे २४ ते १०५ मिलिमीटरचे जुने भिंग ७९५ ग्रॅमचे आहे आणि ते नव्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा हलावयास जागा लागते, म्हणून भिंगाची बैठक आणि प्रकाश टिपणारी चकती यांत ४४ मिलिमीटरांचे अंतर असते. बिनआरशाच्यात ते २० मिलिमीटरांवर आले. मधले २४ मिलिमीटर भरून काढावयास अ‍ॅडाप्टर नावाचे एक पोकळ कडे लावावे लागते. त्यात काच नाही, तरी ते ११० ग्रॅम भरते. आता बेरीज करा. एकीकडे १,६८५ ग्रॅम, दुसरीकडे १,५८५. लाभ शंभर ग्रॅमांचा! नव्या जातीचे भिंग ७०० ग्रॅमचे आहे. ते घेतले तर तीनशे ग्रॅम वाचतात, पण मग खिसाही तितकाच हलका होतो.

आकाराची गोष्ट अशीच फसवी आहे. नवा कॅमेरा रुंदीस १२ आणि उंचीस सुमारे १९ मिलिमीटरांनी कमी, परंतु जाडीस उलट १२ मिलिमीटरांनी अधिक आहे, कारण त्याची मूठ पुढे आणि डोळा लावावयाची खिडकी मागे आलेली आहे. बोटांना ही मूठ छान भरते. उंची कमी झाल्याने माझी करंगळी मात्र अधांतरी राहिली, आणि जड भिंग लावले की सारा भार उरलेल्या तीन बोटांवर येतो. दुकानात दोन मिनिटे हाताळून हे कळत नाही, तासाभराने कळते.

हमामात मात्र पारडे फिरले. जुन्याचा मागचा पडदा पक्का बसविलेला. छत टिपावयाचे तर फरशीवर आडवे व्हावे. नव्याचा पडदा बाहेर वळतो. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून मी छतावरची चित्रे पाहिली.

तेथून कुंडी भंडाऱ्यास गेलो. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी अडवून गावास पुरविण्याची ही १६१५ सालची मोगल योजना. लिफ्टने खाली उतरले की अरुंद बोगदा, पायांखाली पाणी, एक हात भिंतीला. जुन्याच्या खिडकीतून काळोखापलीकडे काही दिसेना. नव्याची खिडकी म्हणजे एक लहानसा पडदाच, त्यात भिंतीवरचे चुनखडीचे थर उजळून दिसले. हाताचा कंप सावरण्याची सोय जुन्यात केवळ भिंगात होती, नव्यात ती कॅमेऱ्याच्या अंगातही आहे. मनगटाला त्रास उचलण्याचा होत नाही, स्थिर धरण्याचा होतो, हे मला तेथे उमगले. दमट हवेने काच मात्र दोन्हींची सारखीच धुरकटली!

जामा मशिदीतील संस्कृत शिलालेखापाशी जुन्याने आपली बाजू मांडली. त्याचे चित्र ३० मेगापिक्सेलचे, नव्याचे २०. अक्षरांचे बारकावे त्यात अधिक उतरतात. बॅटरीही त्याची कितीतरी अधिक पुरते. मनात चलबिचल झाली, हे कबूल करतो.

अखेर जुना विकला. भिंग ठेवले आहे. नव्याचे पैसे जमेपर्यंत ते कडे चालेल. करंगळीसाठी कॅमेऱ्याच्या तळाला धातूची एक पट्टी बसवून घेतली आहे. तिचे वजन मी अद्याप केलेले नाही.