पापलेटचे भांडवल
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



पालघर तालुक्यात दोन प्रकारची मिळकत शेजारी शेजारी नांदते. तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. तेथून दक्षिणेस काही मैलांवर सातपाटी हे मच्छीमारांचे गाव आहे. कारखान्याचे भांडवल ताळेबंदात दिसते. सातपाटीचे भांडवल पाण्याखाली असून त्याचे नाव पापलेट आहे.

सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकाराचा मार्ग फार पूर्वीच धरला. सभासदांना डिझेल व बर्फ पुरविणे, पापलेटची वजनानुसार प्रतवारी करणे आणि एकत्रित विक्री करणे ही कामे संस्थांनी हाती घेतली. या प्रतवारीतच अर्थशास्त्राचा मोठा धडा आहे. पापलेट जितके मोठे तितका किलोमागे दर चढा. म्हणजे जे पिल्लू आज कवडीमोलाने विकले जाते, ते काही महिने समुद्रात राहिले तर वजन आणि दर या दोहोंनी वाढते. शिवाय अंडी घालून वंश वाढविते ते वेगळेच. पिल्ले धरणे हे व्याज सोडून मुद्दल मोडण्यासारखे होय. असे असूनही बारीक आसाच्या जाळ्यांत ती सापडतात, आणि सातपाटीची पापलेटची आवक घटत गेल्याची तक्रार जुनी आहे. सर्व दोष एकट्या मच्छीमारावर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. कर्जाचा हप्ता पिल्लू वाढण्याची वाट पाहत नाही.

शासनाने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला व २०२१ साली त्यात सुधारणा केली. २०२३ साली रुपेरी पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरविण्यात आली. पापलेटची लांबी १३५ मिलिमीटर आहे. पावसाळी बंदीचा नियम किनाऱ्याला नवा नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवण्याची रीत कायद्याहून जुनी आहे, म्हणूनच ती कोळीवाड्यांना परकी वाटली नाही.

दुसरी बाजू अशी की, तारापूरच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यालगत समुद्रातच जाते. वाढवण बंदराची पायाभरणीही ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली आहे. मच्छीमाराने जाळ्याचा आस मोठा करावयाचा, तर पाण्याची शुद्धता राखण्याची हमीही त्याला मिळावयास हवी. हा प्रश्न ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नियमितपणे यावा.

तोवर एक काम आजच होण्याजोगे आहे. पिल्लू बाजारात येते, कारण त्याला गिऱ्हाईक मिळते. १३५ मिलिमीटर ही लांबी शाळेतील पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीत बसते. ती पट्टी बंदरावर, पालघर-बोईसरच्या मासळीबाजारात आणि वर्गातील फळ्याशेजारी टांगता येईल.