दप्तर रयतेचें, पुढाऱ्याचें नव्हे

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी बांधवांपुढें केलेलें भाषण)



येथें बोलावयास उभें राहतांना आम्हांस बारामती तालुक्यांतल्याच सुपें गांवाची आठवण होते. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत शेतकरी जमले व सावकारांवर चालून गेले. पुढें ही आग इंदापुराकडेही पसरली. त्या लोकांस मुख्यतः काय पाहिजे होतें? कर्जरोखे, खतें आणि हुकूमनामे! कागद हातीं आले कीं त्यांची होळी करावयाची. ज्यांस जग अडाणी म्हणत होतें, त्यांस एक गोष्ट पक्की समजली होती कीं, ज्याच्या पेटींत कागद, त्याच्या मुठींत आपला गळा. सरकारासही ती उशिरां कां होईना समजली, आणि १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें ऋणकोस हिशेब मागण्याची सोय झाली.

सावकाराची गोष्ट तीच गांवच्या दप्तराची. दप्तर सरकारचें, पण तें रुमालांत बांधून ठेवलेलें कुळकर्ण्याच्या घरीं. शेतकऱ्यानें ओट्याखालीं उभें राहावें, आणि आंतून उत्तर यावें, "रुमाल सांपडत नाहीं, उद्यां ये." तो उद्यां कधींच उजाडत नसे. शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी आणले, त्यांतलें मर्म हेंच होतें. दप्तर हुद्द्याचें असतें, माणसाचें नसतें.

गांवचा हा प्रश्न सुटला असें आपण म्हणतों. मग मुंबईच्या दप्तराचें काय?

राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त श्रीमती रश्मी शुक्ला यांनीं २०२० च्या ऑगस्टांत पोलीस महासंचालकांस एक गोपनीय अहवाल दिला. पोलिसांच्या बदल्या दलालांमार्फत होतात असा त्यांत आरोप होता, आणि त्याला आधार होता टेलिफोनवर ऐकलेल्या संभाषणांचा. २३ मार्च २०२१ रोजीं माजी मुख्यमंत्री व त्या वेळचे विरोधी पक्षनेते श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं तो अहवाल पत्रकारांपुढें काढला, ६.३ जी.बी. इतका मजकूर आपल्यापाशीं आहे असें सांगितलें, आणि तो दिल्लीस केंद्रीय गृहसचिवांच्या हवालीं केला. टेलिफोन ऐकण्याची परवानगी एका कारणासाठीं घेऊन दुसऱ्याच कामीं वापरली, असें त्या वेळच्या सरकारचें म्हणणें पडलें. तीनच दिवसांनीं वांद्रे-कुर्ला संकुलांतील सायबर पोलीस ठाण्यांत अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला, आणि त्यांत १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लावण्यांत आला. १३ मार्च २०२२ रोजीं पोलिसांनीं श्री. फडणवीस यांच्या बंगल्यावर जाऊन त्यांचा जबाब घेतला. कागद आपण जबाबदार अधिकाऱ्यासच दिले, व माहिती कोठून आली हें न सांगण्याचा विरोधी पक्षनेत्यास हक्क आहे, अशी त्यांची बाजू होती.

३० जून २०२२ रोजीं सरकार बदललें आणि श्री. फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. जुलैंत तपास सी.बी.आय. कडे गेला, आणि पुढें सी.बी.आय. नें प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. २०२४ च्या जानेवारींत श्रीमती शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत श्री. फडणवीस पुन्हां मुख्यमंत्री झाले.

बांधवांनो, कोणावरही दोष शाबीत झाला नाहीं, आणि जो शाबीत झाला नाहीं तो आम्ही कोणाच्या माथीं मारणार नाहीं. आमचें दुखणें निराळें आहे. गुन्हा खरा होता तर तो बंद कां व्हावा? आणि नव्हता, तर माजी मुख्यमंत्र्याच्या दारीं पोलीस कां जावे? एका राजवटींत जें जड ठरलें तें दुसरींत हलकें ठरतें. मग तराजू कायद्याचा कीं खुर्चीचा, असें रयतेनें विचारलें तर तिचें काय चुकलें? दुसरें असें कीं, कागद कोणीं फोडला एवढीच हांकाटी झाली. कागदांत जें लिहिलें होतें तें खरें कीं खोटें, हा प्रश्न त्या धुरळ्यांत मागें पडला. पण फौजदाराची बदली पैशानें होत असेल, तर तो पैसा शेवटीं ठाण्यावर फिर्याद घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याच्याच कनवटीचा!

आपल्यासच हा रोग आहे असें नव्हे. अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें अध्यक्षाचे कागद राष्ट्राचे ठरले आहेत. तरी डोनाल्ड ट्रम्प २०२१ सालीं पायउतार झाल्यावर सरकारी कागदांच्या पेट्या त्यांच्या फ्लोरिडांतील मार-अ-लागो या वाड्यांत गेल्या. ८ ऑगस्ट २०२२ रोजीं तेथें झडती होऊन शंभरांवर गोपनीय कागद सांपडले. जून २०२३ मध्यें खटला भरला गेला. ट्रम्प यांनीं आरोप नाकारले. १५ जुलै २०२४ रोजीं न्यायाधीश आयलीन कॅनन यांनीं खटला काढून टाकला, पण कागदांचा निवाडा करून नव्हे. विशेष सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा, एवढ्यावरून. नोव्हेंबरांत ट्रम्प निवडून आले आणि त्यांच्याविरुद्धचें अपील सरकारनें मागें घेतलें. तेथेंही कागदांचा न्याय झालाच नाहीं. निवडणूक जिंकणें हेंच दोषमुक्तीचें खत ठरूं लागलें, तर कोर्टकचेऱ्या कशाला पाहिजेत?

आतां गुप्ततेविषयीं. राज्याला कांहीं गोष्टी झांकून ठेवाव्या लागतात हें आम्हांस मान्य आहे. परंतु १९२३ चा कायदा गोऱ्या सरकारचा आहे, आणि गुपित म्हणजे काय याची व्याख्याच त्यांत नाहीं. म्हणून २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें त्यास लगाम घातला. उघड करण्यांत लोकांचें हित अधिक असेल, तर गुपितांचा कायदा असूनही माहिती देतां येते. १० एप्रिल २०१९ रोजीं राफेल विमानांच्या प्रकरणांत, कागद चोरीचे म्हणून ते पाहूंच नका, हा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानें फेटाळला. म्हणजे कागद झांकण्याचा अधिकारही रयतेच्याच हिताकरितां आहे. पुढाऱ्याच्या अब्रूकरितां नव्हे, आणि प्रतिपक्षास ठोकण्याकरितां तर नव्हेच.

आपल्या तलाठ्याची बदली झाली म्हणजे तो काय करतो? यादी करून दप्तराचा चार्ज देतो, आणि नवा तलाठी सही करून घेतो. जो नियम तलाठ्यास, तो मंत्र्यास कां नको? आमच्या मागण्या तीनच आहेत. खुर्ची सोडणाऱ्या प्रत्येक मंत्र्यानें यादीवार दप्तर स्वाधीन करावें. कागद फुटल्याचा तपास दोन्ही पक्षांच्या हाताबाहेर, कोर्टाच्या देखरेखीखालीं व्हावा. आणि तपास बंद करावयाचा तर त्याचीं कारणें लोकांस समजतील अशा मराठींत छापावीं.

सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कागद जाळले, कारण त्यांस वाचतां येत नव्हतें आणि मागतां येत नव्हते. आज आपलीं मुलें शिकलीं आहेत. दहा रुपयांच्या अर्जावर कचेरीनें तीस दिवसांत उत्तर द्यावें असा कायदा आहे. तेव्हां बांधवांनो, कागद जाळूं नका. ते मागा, वाचा, आणि ज्यानें दडविले त्यास, तो आपल्या जातीचा असो, पक्षाचा असो कीं तालुक्याचा असो, जाब विचारा. आपल्या माणसास जाब विचारण्याची ज्यास छाती नाहीं, त्यानें परक्याच्या नांवानें बोटें मोडूं नयेत.