बराकीतील कागद आणि संगणक



कल्याणजवळची लष्करी छावणी दुसऱ्या महायुद्धासाठी उभी राहिली. युद्ध संपले, सैनिक गेले आणि 1947 नंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख लोक दाटीवाटीने राहू लागले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची पायाभरणी केली. तेच आजचे उल्हासनगर. शासनाच्या लेखी हे लोक ‘निर्वासित’. त्यांना मात्र ‘पुरुषार्थी’ हा शब्द अधिक मानवत असे, आणि तो त्यांनी सार्थही केला.

परंतु पुरुषार्थालाही कागद लागतो. सोडून आलेल्या घरादाराचा दावा 1950 च्या कायद्यान्वये नोंदवायचा, भरपाई 1954 च्या कायद्यान्वये मिळवायची. ज्याचे दस्तऐवज सिंधमध्येच राहिले, त्याने दाखवावे काय? नगरपालिका आली 1960 साली. वस्ती आधी, नोंद मागाहून. हा क्रम पुढेही सुटला नाही. 2006 मध्ये अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला खास उल्हासनगरपुरता कायदा करावा लागला.

शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने 2000 नंतरच्या दशकात दाखले आणि करभरणा संगणकावर आणला. राज्याने ती प्रणाली इतर पालिकांसाठी नमुना मानली. कोकणातून, देशावरून आलेल्या डोंबिवलीकर चाकरमान्याला ती सोयीची वाटली, कारण सकाळची लोकल सोडून खिडकीपुढे ताटकळणे त्याला परवडत नाही. फाळणीची झळ सोसलेल्या घरातील ज्येष्ठाला मात्र पडद्यावरील नोंदीबरोबर शिक्क्याचा कागदही हाती हवा असतो. त्याला मागासलेपण म्हणणे उथळपणाचे होय.

युक्रेनने 2022 मध्ये युद्धाच्या तोंडावर शासकीय नोंदी परदेशांतील संगणक-साठ्यांवर हलविल्या. घर सोडलेला तेथील नागरिक ‘दिया’ या ॲपवरून पडझडीची माहिती कळवू शकतो. सिंधमधून निघालेल्यांना अशी सोय असती तर दाव्यांचा किती खटाटोप वाचला असता!

तरीही एक अडचण उरतेच. आजोबांचे नाव मूळ अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. पुढे ते इंग्रजीत एका प्रकारे उतरले, देवनागरीत दुसऱ्या. संगणकाला त्या दोन व्यक्ती वाटतात. त्या एकच आहेत, हे ठरवायला कार्यालयात जाणता कारकूनच बसावा लागतो.