मचव्याचे इंजिन आणि नाखव्याचा हात



१ जून उजाडला की कोकण किनाऱ्यावरील बंदरांचा गजबजाट ओसरतो. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारीस मनाई असते. मासळीच्या प्रजोत्पादनाचा हा काळ आणि समुद्रही या दिवसांत खवळलेला. सातपाटीपासून मालवणपर्यंत मचवे किनाऱ्यावर ओढले जातात, शाकारले जातात. जाळी दुरुस्त होतात, फळ्यांच्या सांधी बुजवल्या जातात, लाकडाला तेल आणि रंग मिळतो. मात्र मचव्याच्या पोटातील इंजिनावर पुष्कळदा एक ताडपत्री टाकली जाते आणि तो विषय मिस्त्रीवर सोपवला जातो. नारळी पौर्णिमा जवळ आली की साऱ्या बंदराला एकाच वेळी मिस्त्री हवा असतो. मग ज्याचा नंबर लागत नाही, त्याचा मचवा जसा होता तसाच समुद्रात लोटला जातो.

शिडाच्या काळात असे नव्हते. शीड फाटले तर तांडेल ते स्वतः शिवत असे. दोर तुटला तर खलाशी तो स्वतः सांधत असे. मचव्याचे संपूर्ण ज्ञान घरचे होते. स्वातंत्र्यानंतर नौकांच्या यांत्रिकीकरणास चालना मिळाली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात झालेल्या करारानुसार केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारी विकासाचा प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही शिडांच्या सोबतीला आणि पुढे शिडांच्या जागी डिझेल इंजिने आली. मच्छीमाराचा पल्ला वाढला, वाऱ्याची ताबेदारी संपली. परंतु इंजिन घरात आले तरी त्याचे ज्ञान मात्र बाहेरचेच राहिले. ही उणीव भरून काढणे अवघड नाही, हाच आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

मचव्याचे इंजिन नौकेच्या आत बसवलेले असते. त्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, मागील बाजूने नौकेच्या तळातून बाहेर जातो आणि पाण्यातील पंखा फिरवतो. यांपैकी पुष्कळ इंजिने मूळची मालमोटारीचीच; त्यांना सागरी साज चढवलेला असतो. पण मालमोटारीचे इंजिन बंद पडले तर वाहन रस्त्याच्या कडेला उभे राहते. समुद्राला कडा नसते. इंजिन थांबले की मचवा वाऱ्याला आडवा होतो, लाटा कुशीवर घेतो आणि खडकांकडे वाहू लागतो. कामाचा भारही अधिक असतो. दिवसाला १० तास आणि महिन्याला २० दिवस धरले, तर दहा महिन्यांच्या हंगामात इंजिन २,००० तास चालते. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मालमोटारीच्या हिशेबात हा प्रवास ८०,००० किलोमीटर होतो. इतक्या प्रवासात कोणता मालक गाडीचे ऑइल बदलणार नाही?

आता निगेकडे वळू. सर्वप्रथम पाणी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की तिच्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेट घेते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी समुद्राचे पाणी आत खेचले जाते. ते खेचणाऱ्या पंपात रबरी पात्यांचे एक लहानसे चक्र असते. त्यास इम्पेलर म्हणतात. ते तळहातावर मावते, परंतु साऱ्या मचव्याचे प्राण त्यावर अवलंबून असतात. पाणी आत घेणारी झडप उघडण्याचे विसरून इंजिन चालू केले, तर कोरडे फिरणारे हे रबर अल्पावधीत जळते. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी झडप उघडणे, मग गाळणीत प्लास्टिकचा तुकडा किंवा शेवाळ अडकले आहे काय हे पाहणे, मग इंजिन चालू करणे आणि लगेच बाहेर वाकून पाणी पडते की नाही याची खात्री करणे. पाणी न पडल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. इम्पेलर दर हंगामास बदलावा आणि एक जादा नग मचव्यावर बाळगावा. जुन्याचे पाते तुटलेले आढळल्यास तो तुकडा शोधून काढावा, कारण पुढच्या नळीत तोच पाणी अडवतो.

दुसरे ऑइल. रोज सकाळी इंजिन थंड असताना पट्टी काढून पातळी पाहावी. पातळीइतकाच रंगही महत्त्वाचा. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि त्या दिवशी समुद्रात जाऊ नये. ऑइल किती तासांनी बदलावयाचे हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते २५० तास असेल, तर रोज १० तास चालणाऱ्या इंजिनाची पाळी २५ दिवसांतच येते. ऑइलबरोबर त्याचा फिल्टरही बदलावा. नवे ऑइल जुन्या गाळणीतून फिरवणे म्हणजे धुतलेले तांदूळ खरकट्या पातेल्यात शिजवणे होय.

तिसरे इंधन. डिझेलमधील पाणी जड असल्याने तळाशी बसते. फिल्टरखालील छोटा स्क्रू रोज सैल करून ते भांड्यात काढून टाकावे. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी रिकामी झाल्यावर नळीत हवा शिरते आणि इंजिन चालू होत नाही. अशा वेळी अनेकदा मिस्त्रीला बोलावणे धाडले जाते. वास्तविक हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहिल्यास प्रथम बुडबुडे आणि नंतर अखंड डिझेल येते. मग स्क्रू आवळला की काम झाले. पुस्तिकेत हा क्रम चित्रांसह दिलेला असतो. तो बंदरात एकदा हाताखालून गेला, तर भर समुद्रात अंधारातही जमतो.

धूरही बोलका असतो. काळा धूर हवा अपुरी पडल्याचे किंवा इंजिनावर भार अधिक झाल्याचे सांगतो. निळा धूर ऑइल जळत असल्याचे. आणि इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर इंधन नीट न जळल्याचे किंवा आत पाणी शिरल्याचे.

शाफ्ट जेथे तळातून बाहेर पडतो, तेथील ग्लँड दोरीच्या पॅकिंगचा असेल, तर शाफ्ट फिरताना तेथून पाण्याचे थेंब पडणे हे दोषाचे नव्हे, आरोग्याचे लक्षण आहे. थेंब पूर्ण थांबेपर्यंत आवळल्यास शाफ्ट तापतो व झिजतो. धार लागली तर मात्र थोडे आवळणे आवश्यक असते. पंख्याजवळचे जस्ताचे तुकडे स्वतः झिजून अन्य धातू वाचवतात. ते निम्मे झिजताच बदलावेत आणि त्यांना रंग कधीही लावू नये. रंगाखाली जस्त निकामी होते.

बंदीचे ६१ दिवस ही इंजिनाची खरी शुश्रूषा करण्याची संधी आहे. मचवा ओढण्यापूर्वी इंजिन गरम करून ऑइल बदलावे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले असतात आणि ती दोन महिने आतले धातू खात राहतात. समुद्राच्या पाण्याच्या वाटेतून गोडे पाणी फिरवून मीठ धुवावे आणि मग ते पाणी निथळून घ्यावे. टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे दमट हवेचे पाणी होऊन डिझेलमध्ये मिसळत नाही. बॅटरीची तार सोडताना ऋण टोक प्रथम सोडावे. धुराड्याचे तोंड झाकावे आणि ते झाकल्याची चिठ्ठी सुकाणूवर बांधावी.

स्वावलंबनाला मर्यादाही आहेत. फिरत्या पट्ट्याजवळ आणि शाफ्टजवळ लुंगी, गळ्यातील पंचा किंवा सैल सदरा घालून जाणे जीवघेणे ठरते. हात घालण्यापूर्वी इंजिन बंद असलेच पाहिजे. इंधन फवारणारे इंजेक्टर आणि त्यांचा पंप उघडण्याचे काम तज्ज्ञाकडेच द्यावे, कारण तेथील दाब त्वचा भेदून जाण्याइतका असतो. मिस्त्रीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. उलट नित्याच्या कामातून मोकळा झालेला मिस्त्री खऱ्या दुरुस्तीला वेळ देऊ शकतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हे सर्व पुस्तिकेत आहे, तर मग होत का नाही? अनेकदा ती पुस्तिका इंग्रजीत असते आणि वेष्टनातून बाहेरच येत नाही. किनाऱ्यावरील शाळेतील शिक्षकाने तिच्यातील निगेचा तक्ता मराठीत उतरवून दिला आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लागला, तर फार मोठे काम होईल. प्रत्येक मचव्यावर एक साधी वही असावी. तारीख, इंजिनाचे तास, बदललेल्या वस्तू आणि आढळलेला दोष, एवढ्या चार रकान्यांची. तांडेलाला लिहिण्याचा सराव नसेल, तर शाळेत जाणारी त्याची मुलगी ती वही भरू शकेल. गणिताचा पाठ आणि घरचा व्यवसाय या दोहोंची तिथे गाठ पडेल.

ग्रामपंचायतींनाही यात वाटा आहे. वापरलेले ऑइल खाडीत ओतले की मासळीच्या पिलांची आणि कालवांची हानी होते. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असे ऑइल घातक कचऱ्यात मोडते. धक्क्यावर झाकणाचे एक पिंप ठेवून जमा झालेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे सोपवण्याची व्यवस्था पंचायत व सहकारी संस्था मिळून करू शकतात. त्याच धक्क्यावर, समुद्रातील संकटसमयी लावावयाचा भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक ठळकपणे रंगवलेला असावा.

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात आणि रक्षणाची प्रार्थना करतात. त्या श्रद्धेला सायंकाळी ऑइलच्या पट्टीवरून पुसलेल्या चिंधीची आणि गाळणीतून काढलेल्या शेवाळाची जोड मिळाली पाहिजे. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या घरांना मचवा परत येण्याची खात्री हवी असते. त्या खात्रीचा मोठा भाग नाखव्याच्या आणि तांडेलाच्या स्वतःच्या हातात आहे.