मुक्या जनावरांसाठी अनुदान: आधी वही, मग अर्ज



आमच्या गटातली एक ताई घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जखमी कुत्री, सोडून दिलेल्या भाकड गाई सांभाळते. गेल्या वर्षी आम्ही दोघी एका कंपनीकडे मदत मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी तीनच प्रश्न विचारले. संस्था नोंदलेली आहे का? वर्षात किती जनावरं आली, किती बरी झाली? खर्चाचा हिशोब कुठे आहे? ताईकडे होती फक्त पावत्यांनी भरलेली पिशवी. हात हलवत परत आलो. वाटेत ताई रडली.

राग आला, पण प्रश्न चुकीचे नव्हते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत प्राणी कल्याणही आहे. पण हा पैसा एकट्या बाईच्या खात्यावर येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते, आणि तिनं सीएसआर-१ हा अर्ज भरलेला असावा लागतो. दुसरी वाट भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६२ साली ते स्थापन झालं. रुक्मिणीदेवी अरुंडेल पहिल्या अध्यक्षा. निवारा, रुग्णवाहिका, नसबंदी अशा कामांसाठी मंडळाच्या योजना असतात, पण त्या मान्यताप्राप्त संस्थांसाठी. कोणती योजना सध्या चालू आहे, हे आधी विचारून घ्यावं. 'टक्केवारी द्या, मंजूर करून देतो' म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

बायांनो, आपली पंचसूत्री आठवा. पाचवं सूत्र कोणतं? लेखे चोख ठेवणं. तेच इथं लावलं. ताईच्या शेडला वही आली: तारीख, जनावर कुठं सापडलं, उपचार काय, खर्च किती, पुढं काय झालं. धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणीचा अर्जही दिला.

अनुदान अजून आलेलं नाही. पण वही लिहायला लागल्यावर कळलं, की निम्म्याहून जास्त खर्च चाऱ्याचाच आहे. मग सुगीला गटातल्या घराघरातून कडब्याच्या पेंढ्या गोळा झाल्या. अनुदान आलं तरी वर्षा-दोन वर्षांनी संपतं. गव्हाण मात्र रोज भरावी लागते.

तुमच्या गावात अशी एखादी ताई असेल, तर तिला पैसे देता आले नाहीत तरी चालेल. आठवड्यातून एक तास तिची वही लिहून द्या.